एका चुलीला एक घर

“भांडण झालं म्हणता. कशावरून झालं?” सुनावणीच्या बाईंनी विचारलं.

“कपाटावरून,” धाकटा म्हणाला. “आईचं कपाट दादाने ठेवून घेतलं. म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही चूल वेगळी केली.”

शाळेत कविता म्हणावी तसं त्याने एका दमात म्हणून टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या थोरल्याने मान खाली घातली. हे भांडण त्यानेच लिहिलं होतं. तो पुस्तकं बांधायचं काम करी. कामातून उरलेल्या एका कोऱ्या पानावर दोन दिवस खोडाखोड करून त्याने ते जुळवलं होतं. खरं तर आईचं कपाट दोघांनी मिळून हातगाडीवरून बहिणीकडे पोचवलं होतं.

वस्ती पाडून तिथे सरकारी मदतीची घरं होणार होती. नियम सोपा होता. एका चुलीला एक घर. सहा महिन्यांपूर्वी पाहणीवाला दारात आला आणि त्याने विचारलं, “चुली किती?” थोरल्याने छाती फुगवून सांगितलं, “दोन भाऊ, नऊ माणसं, पण चूल एकच.” पाहणीवाल्याने त्यातलं शेवटचं तेवढं लिहून घेतलं. यादी लागली तेव्हा नऊ माणसांना एका खोलीचं एक घर आलं. समोरच्या दारातले भाऊ एकमेकांची डोकी फोडून वेगळे झाले होते. त्यांना दोन मिळाली. त्यांची म्हातारी वर ऐकवून गेली, “तरी मी सांगत होते, अधूनमधून भांडत जा.”

हरकत नोंदवायचा आज शेवटचा दिवस होता.

“बघा,” पहिल्या रांगेतून नागरिक संघाचे गृहस्थ उठले. “ही घरं आमच्या करातून होणार. गरजूंना द्या, आमचं काही म्हणणं नाही. पण यादी लागल्यापासून या वस्तीत रोज एक चूल फुटतेय.”

“आणि तुमच्या इमारतीपुढचा रस्ता कुणाच्या करातून झाला, काका?” मागून एका भाजीवालीने विचारलं. “काडेपेटी घेतली तरी कर आम्हीपण भरतो.”

खोलीत हशा पिकला. बाईंनी टेबलावर पेन आपटलं. “कुणाला किती द्यायचं तो वाद वरच्या मजल्यावर घाला. माझ्याकडे फक्त यादी आहे.” मग त्या धाकट्याकडे वळल्या. “कपाटावरून चूल वेगळी केलीत? बावीस वर्षं एका घरात राहून?”

धाकट्याला पुढचं आठवेना. त्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याचा हात खिशातल्या कागदाकडे गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“कपाट नाही,” धाकटा म्हणाला. “खिडकी.”

“कसली खिडकी?”

“घरात एकच खिडकी आहे. पुढच्या खोलीत. ती खोली दादाची. आम्ही आतल्या खोलीत. माझ्या पोरीला दमा आहे. धाप लागली की तिला खिडकीशी न्यावं लागतं. दादा-वहिनींची अंथरुणं ओलांडून. बायको म्हणाली, दादांशी बोला, थोडे दिवस खोल्या बदलून घेऊ. मी म्हटलं, कसं बोलू? दादाने मला शिकवलं, कामाला लावलं, लग्न करून दिलं.” त्याने आवंढा गिळला. “मग ती पुन्हा कधी म्हणाली नाही. ते जास्त लागतं.”

नागरिक संघाचे गृहस्थ चष्मा पुसत बसले. थोरला भावाकडे बघतच राहिला. आयुष्यभर मोटारी दुरुस्त करणारा हा मुखदुर्बळ माणूस. खोटं बोलताना पोरीच्या दम्याचं खरं त्यात मिसळावं, हे याला कुणी शिकवलं?

“तुम्हाला हे मान्य आहे?” बाईंनी थोरल्याला विचारलं.

“मान्य आहे.”

“तोंडी नको. लिहून द्या.”

थोरल्याने लिहून दिलं. आपल्यामुळे धाकट्या भावाची अडचण झाली आणि त्यातून दोन चुली झाल्या, असं त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं. बाईंनी यादीत एकाचे दोन केले.

घरी येताना थोरल्याचे पाय जमिनीवर नव्हते. धाकटा दोन पावलं मागे राहून चालत होता. “दमलास,” थोरला म्हणाला. “दमणारच. एवढं मोठं नाटक केलंस.”

रात्रीची जेवणं नेहमीसारखी पंगतीने झाली. धाकट्याची बायको वाढत होती. थोरल्याने सुनावणीची हकिकत पहिल्यापासून रंगवून सांगितली. काडेपेटी सांगितली, विसरलेलं कपाट सांगितलं. पोरं खिदळली. वहिनी म्हणाली, “भाऊजी, तुमच्या तोंडात जीभ आहे हे आज कळलं.”

“अगं, पुढचं ऐक,” थोरला म्हणाला. “खिडकी काढली याने. दादाची खोली, पोरीचा दमा, सगळं. वर आवंढासुद्धा गिळला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिलेलं भांडण त्यापुढे काहीच नाही.”

सगळे पुन्हा हसले. धाकटा ताटात बोटाने भात एकीकडे सारत होता.

त्याच्या बायकोच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. ती नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाली, “शेवटी बोललात?”