मोटारले पानी

खुशालरावांच्या मोटारीत दोष काढायला जागा नव्हती. चार सिलिंडरचं विलायती इंजिन, हँडल एकदा फिरवलं की सुरू, चढावर दम म्हणून लागायचा नाही. भेटेल त्याला ते हे ऐकवत. खोट एकच होती. उन्हाळ्यात दर सोमवारी अमरावतीहून अकोल्याला जाताना, मूर्तिजापूरपुढच्या एका खेड्यात, नेमकं विहिरीपाशी इंजिन तापायचं. अकोल्याच्या मिस्त्रीनं रेडिएटर, पंखा, पट्टा सगळं खोलून पाहिलं आणि हात झटकले. "मालक, याले तापाले काही कारनच नाही."

पुढच्या सोमवारी ते पुन्हा तिथंच तापलं. खुशालराव मागच्या सीटवर आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पीत बसले. ड्रायव्हर देवमन छप्पन साली बौद्ध झाला होता, पण त्या विहिरीच्या लेखी काही बदललं नव्हतं. तो विहिरीच्या ओट्याच्या पायऱ्यांखालीच उभा राहून म्हणाला, "माय, मोटारले पानी पायजे."

मोटारला कोणी नाही म्हणत नसे. पाणी भरायला आलेल्या म्हाताऱ्या जाईबाईनं वरूनच त्याचा डबा भरला. तो घेऊन देवमन बॉनेटच्या आड गेला आणि जरा वेळानं रिकामा डबा घेऊन परत आला.

जाईबाईनं डबा पुन्हा भरला. मग बाकीच्या बायांकडे न बघता पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा मोटारीच्या मडगार्डवर ठेवला.

"हेबी देजो मोटारले. उनातून आल्यावर नुसतं पानी पेऊ नये."