हौसाताईंचा सूर

“मेला हा डावा गुडघा!” पट्टा सोडताना इरावती कुरकुरली. क्रीडाविज्ञानाच्या तासाला आज माजी कर्णधार हौसाताईंच्या स्नायूंमधल्या खो-खोच्या आठवणीची नक्कल त्या पट्ट्यांतून सगळ्या मुलींच्या अंगात उतरली होती. खांबापाशी प्रत्येकीनं असा सूर मारला की बघत राहावं, आणि मग अख्खा वर्ग त्याच एका पायानं लंगडत परतला.

“मॅट कडक आहे गं,” कुणीतरी म्हणालं.

“छे, नक्कलच बिघडलीय. पुसूनच टाकतो,” सर म्हणाले. बाकावरच्या हौसाताई नुसता पदर सारखा करत राहिल्या.

इरावती लंगडतच मध्ये आली. “पुसू नका, सर. नक्कल अगदी बरोबर आहे. ताई सगळे सामने याच दुखऱ्या गुडघ्यानं खेळल्यात.”