खिडकीवाली चिप

"चिप परत कोरी व्हई गई!" हिंमतरावांनी कपाळाला हात लावला. टीव्हीच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या धावत होत्या.

"अरे देवा," म्हणत सरलाबाई चष्मा शोधायला लागल्या. चष्मा कुठे आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

साठ सालापासून हिंमतरावांनी नंदुरबारात रेडिओ दुरुस्त केले. म्हातारपणी त्यांना कॉम्प्युटरचं खूळ लागलं. मासिकातलं बघून त्यांनी घरीच एक जुळवला आणि टीव्हीला जोडला. तो सुरू झाल्या झाल्या काय करायचं, ते एका चिपमध्ये भरलेलं असे. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. खिडकीवरची काळी पट्टी काढून चिप काही दिवस उन्हात ठेवली, की सगळं पुसलं जाई. मग मासिकातले आकडे आणि इंग्रजी अक्षरं एकाने वाचायची, दुसऱ्याने बटणं दाबायची. दुपारच्या दुपारी त्यात जात.

काम झालं की हिंमतराव चिप काढून डबीत ठेवत. कॉम्प्युटर लावायचा तो पाहुणे आले तरच. आणि सकाळी ते दुकानात गेले, की सरलाबाई मिरच्यांबरोबर चिपलाही गच्चीवर वाळत घालत.

लबाडी होती, पण काय करणार? उभा संसार नवऱ्याने दुकानातच काढला. आता तोच माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसे आणि म्हणे, "तू वाच, मी दाबस." एवढं सुख बाईला लग्नापासून मिळालं नव्हतं. ते हातचं जाऊ द्यायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

पण या खेपेला चिप बसवताना तिचा एक तारेएवढा पायच मोडला आणि ती वाया गेली.

"आते सुरतथून पक्कीच लई येस," हिंमतराव म्हणाले. "एकदाव भरी का जलमभर मिटत नही."

सरलाबाई घाईने म्हणाल्या, "पक्कीमा एखादा आकडा चुकना तं? समदी फेकनी पडी."

"तू कवय चुकस का?"

उभ्या जन्मात नवऱ्याने केलेलं पहिलं कौतुक, तेही असं अंगाशी आलेलं. दुसऱ्या दिवशी ते सुरतेला गेले, तेव्हा बाईंनी भाकरीही धड खाल्ली नाही.

संध्याकाळी परतले आणि त्यांनी खिशातून पुडी काढली. आत खिडकीवालीच चिप!

"पक्की मिळनीच नही," ते म्हणाले. "हाईच लई उनू."

त्या रात्री खिचडीवर तुपाची धार जरा जास्तच पडली. दुसऱ्या दुपारी दोघं बसले. सी तीन, शून्य शून्य, तीन ई... सरलाबाईंनी मुद्दाम सावकाश वाचलं.

पुढच्या आठवड्यात करणसिंग आला. हा सरलाबाईंच्या बहिणीचा मुलगा, सुरतेच्या त्याच दुकानात कामाला. हिंमतराव त्याच्यासाठी भजी आणायला बाहेर पडले. सरलाबाईंनी चहा पुढे ठेवला आणि जीव मुठीत धरून विचारलं, "तुम्हना दुकानमा पक्की चिप कवय येई रे भाऊ?"

"कवय येई? काकास्नी तवयच पक्की लई लिधी ना, मावशी. मीच भरी दिधी, आकडान् आकडा." करणसिंगने बशीत चहा ओतला. "मंग हसीसन म्हणनात, खिडकीवाली बी दे, आमनी गच्चीवर ऊन चांगलं पडस."