बंकटचा पहारा

या माऊली, जरा जवळ सरका. टाळ ठेवा मांडीवर. एका वीणेची गोष्ट सांगतो. ती जमिनीला टेकायला आली होती, त्या दुपारची.

वीणा घेऊन उभं राहायचा त्रिंबक आण्णांचा पहारा कधीच संपला होता, तरी वीणा त्यांच्याच गळ्यात होती. सप्ताहातली वीणा शेवटच्या दिवशीच्या काल्यापर्यंत खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वीणा टेकली तर सप्ताह मोडला. नांदूरघाटच्या अलीकडच्या या गावात तो आण्णांच्या आजोबांपासून कधी मोडला नव्हता. आता आण्णा उभं राहून दमले होते, आणि पुढचा पहारा ज्याचा, तो बंकट काही येत नव्हता.

बंकट खालच्या आळीचा, आण्णा वरच्या. एक जात वर राहते, एक खाली. ऊसतोडीला गेल्यावर दोन्ही आळ्यांच्या पाचटाच्या कोप्या शेजारीशेजारी. हिच्या चुलीतला विस्तव तिच्या चुलीत जातो. पण निवडणुकीपासून गावात वेगळंच सुरू झालं होतं. वरच्यांनी खालच्यांच्या हॉटेलातला चहा सोडला. खालच्यांनी वरच्यांच्या गिरणीत दळण टाकणं सोडलं. तोंडानं कोणी काही बोलत नव्हतं. समोर आला की राम राम, पाठ वळली की फोनवर चहाडी.

म्हणून तर सोमनाथ गुरवाच्या ऋतुजानं सप्ताह मोबाईलवर लाईव्ह केला. ती अंबाजोगाईला पत्रकारिता शिकते. तिनं मोबाईल मंडपाच्या खांबाला बांधला आणि सगळ्यांना सांगितलं, "जातीवरून मनात काय असंल ते व्हिडिओखाली मोकळेपणानं लिहा. निदान बोलणं तरी सुरू होईल." झालं उलटं. खालचे किती वेळ दिसतात, हे वरची आळी बघू लागली. वरचे किती वेळ दिसतात, हे खालची. दोघांनीही पोरीला समोरच्यांची ठरवून टाकलं. गुरवाचं घर ना वर, ना खाली. त्यामुळं तिच्या बाजूनं बोलायलाही कोणी नाही.

"आणा इकडं, मी घेतो," आण्णांचा लेक प्रविण वीणेला हात लावत म्हणाला.

"पहारा बंकटचा हाय. तो कावून आला न्हाई?"

मंडपातल्या माणसांनी माना खाली घातल्या. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या फोनकडं तिरकं बघून घेतलं, आणि मग आपला फोन पालथा केला.

"झोपला असंल," प्रविण म्हणाला.

आण्णांना वाचता येत नव्हतं, पण माणसं कधी खोटं बोलतात ते कळत होतं. ते ऋतुजाकडं वळले. "पोरी, त्या फोनात काय हाय ते वाच."

"वाचू नको गं," प्रविण घाईघाईनं म्हणाला. "माईक चालू हाय."

"मग चालूच राहू दे," आण्णा म्हणाले.

ऋतुजानं वाचलं. देवळाच्या शिखरावरच्या भोंग्यातून ते वरच्या आळीत गेलं, खालच्या आळीत गेलं, पार नदीपलीकडच्या शेतात गेलं. 'खालच्यांच्या गळ्यात वीणा घातली, तर वरची आळी मंडपात पाय ठेवणार नाही.' लिहिणाऱ्याचं नाव नुसतं 'गावकरी'. फोटोच्या जागी भगवी पताका.

"कधी लिवलंय?"

"कालपासून आहे, आण्णा."

"आन् त्यावर कोणी काय म्हणलं?"

"कोणीच काही नाही." पोरीचा आवाज बारीक झाला. "अंगठे तेवढे पडलेत. लई."

आण्णांनी एकेक चेहरा न्याहाळला. शेवटी नजर लेकावर येऊन थांबली.

"माझ्याकडं कावून बघता?" प्रविण उसळून म्हणाला. "मी न्हाई लिवलं. मी फक्त अंगठा दिला."

तेही भोंग्यातून गावभर गेलं. मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

आण्णा माईकजवळ सरकले. एका हातानं खांब धरला, दुसऱ्यानं वीणा. "ज्यानं हे लिवलं त्यानं ऐकावं. तू आमच्या आळीचा असशील, कदाचित माझ्या घरचाही असशील. तू जे म्हणतोस, त्याला माझी न्हाई हाय. पण वीणेची गरज सगळ्यात जास्त तुलाच हाय. तू ये. मी पहिली तुझ्या गळ्यात घालतो, तुझ्या पाया पडतो. मग तू ती तुझ्या हातानं बंकटच्या गळ्यात घाल. तंवर मी बसणार न्हाई, आन् दुसऱ्या कुणाला देणारबी न्हाई."

वरच्या आळीतून कोणी उठलं नाही. एकमेकांकडं बघणं मात्र वाढलं. हा असंल. न्हाई, तो असंल. आण्णांचा खांबावरचा हात घसरत खाली येऊ लागला.

तेवढ्यात खालच्या आळीच्या चढावर बंकट दिसला. अंघोळ केलेली, धोतर धुतलेलं, कपाळावर बुक्का. तो सकाळपासून तयारच होता. सरळ माईकपाशी आला.

"जरा दम धर, बंकट," आण्णा म्हणाले. "आदी तो लिवणारा येऊ दे. त्याच्या गळ्यातून तुझ्या गळ्यात."

"दोनदा कशाला घालता, आण्णा," बंकट म्हणाला. "लिवणारा मीच हाय."

मंडपातल्यांनी पालथे केलेले फोन उलटून ती पताका पुन्हा बघितली.

"वरच्या आळीच्या मनात काय हाय, ते कळंना. म्हणून पताकेचा फोटो लावला आन् तुमच्या वतीनं लिवलं. एक तरी माणूस न्हाई म्हणतंय का, ते कालपासून बघत होतो."

"मग? सापडलं का?" आण्णांनी विचारलं.

बंकट वाकून आण्णांच्याच पाया पडला, आणि वीणेसाठी मान पुढं केली.

तर माऊली, तुमच्या फोनात कधी असं काही येईल, अंगठा आपोआप पुढं सरकेल, तेव्हा क्षणभर थांबा आणि खांब धरून उभ्या राहिलेल्या आमच्या त्रिंबक आण्णांना आठवा.