घट्ट कडी
बंडखोर अपरात्री येऊन तरणी पोरं उचलून न्यायचे, म्हणून बहिणीने हट्टच धरला होता, "दादा, कुणाच्या बापालाही फोडता येणार नाही असं दार कर." भाऊ हाडाचा सुतार. त्याने जाडजूड फळ्यांना आतून लोखंडी पत्रा ठोकला, हातभर लांब कडी बसवली. "नवी आहे, जरा घट्ट सरकेल. वापरून होईल सैल," असंही सांगितलं. काल झडतीला आलेल्या जवानांना एवढं भक्कम दार पाहूनच संशय आला. "उघडते, उघडते!" बहीण आतून ओरडत राहिली. त्यांना तिची भाषा कळेना. त्यांनी दार स्फोटकांनी उडवलं. आज तिला शेवटचं पोचवून आल्यावर भाऊ नव्या दाराचं माप घ्यायला बसला. भिंतीशी पडलेली फळी त्याने उलटली. कडी अर्धीच सरकली होती. मेहुणा मागून म्हणाला, "दादा, या वेळी एका लाथेत पडेल असं करा."