केसभर उंच

“शांते, आधी डॉक्टरला सांग, दाढेची कॅप उंच बसलीय. चावलं की डोक्यात कळ जाती. ती घासून आणू, मगच जेवतो मी.”

एवढं बोलून महालिंगप्पांनी भरलं ताट सरकवलं. त्यानंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही.

शांतम्माचं व्रत लग्नापासूनचं. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळाला विभूती, आणि मालक जेवल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. चाळीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. आता पाच दिवस ती तीर्थाच्या घोटावर होती.

रोज दुपारी ती ताट घेऊन शेतात जायची. मालक लिंबाखाली मांडी घालून बसलेले. ती मऊ भात कालवायची. “दोन घास घ्या की,” म्हणायची. भाताला मुंग्या लागायच्या. त्यांचा जबडा ठणकतोय, हे तिला न सांगता कळायचं. तिच्याही डाव्या दाढेत तश्शीच कळ उठायची.

घरी नंदीश हाता-पाया पडायचा. “आई, अप्पाचं सोड आता. तू खा गं.”

“अप्पा जेवले की जेवते, बाळा.”

सून सासूच्या हिरव्या बांगड्यांकडं बघायची आणि नजर फिरवायची.

सहाव्या सकाळी देव्हाऱ्यापुढं तिला भोवळ आली. आता आपण टिकत नाही, हे तिला उमगलं. कुणाला न सांगता ती जीपनं उमरग्याला गेली.

डॉक्टरांनी जुना एक्स-रे उजेडात धरला. “मावशी, दाढ चांगली आहे. कॅप केसभर उंच राहिली असणार. पाच मिनिटांचं काम. पण काका का नाही आले?”

“हलतच न्हायती.”

“एवढं दुखतंय?”

“बोलत बी न्हायती.”

“मशीनला भ्याले असतील!” डॉक्टर हसले. “खुर्चीत बसता येतं ना त्यांना?”

“बसलेलेच हायती की.”

“मग झालं तर. उद्याच्या उद्या घेऊन या. पुढचं माझ्यावर सोडा.”

“जेवतील का मग?”

“जेवतील? फुटाणे फोडतील, मावशी!”

शांतम्माचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. “आणते. शब्द देते तुमाला.”

दुसऱ्या दिवशी तिनं सावकाश पूजा केली. मालकांचं धुतलेलं धोतर आणि पटका पिशवीत घातला. दोन भाकरी बांधल्या, एक त्यांची, एक तिची. दारामागचं खोरं उचललं आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारल्या. मग मागल्या दारानं ती लिंबाकडं निघाली, जिथं सहा दिवसांपूर्वी नंदीशनं रीतीप्रमाणं बापाला खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं आणि वरून माती लोटली होती.