मालकाचा आवाज

"ताई, एक चकली खाऊन तरी बघा," दिगंबरकाका वरवर म्हणाले. ती हो म्हणेल की काय, या भीतीनं त्यांनी बशी आपल्याकडेच धरून ठेवली होती.

"नको काका. आम्ही जाहिरातीला आवाज देणारे माल चाखतच नाही. बोलताना मनात शंका आली की माइकवरचा दिवा लाल होतो, आणि लाल जाहिरात कुठंच लागत नाही." रेवती माइककडे वळली. "कुमुदताईंची भाजणी. आजही चव तीच!"

दिवा हिरवा झाला. काकांनी श्वास सोडला. बायको, कुमुद, गेल्यापासून गिऱ्हाईक तुटलं होतं. दिवाळीआधी जाहिरात लागली नाही, तर दुकानाला कुलूपच.

"आता तुम्ही म्हणा. नव्या नियमानं मालकाचाही आवाज लागतो."

"मी?"

"तीनच तर शब्द आहेत!"

काका वाकले. "आजही चव तीच." दिवा लाल. पुन्हा म्हणाले. लालच.

"काका, आता शेवटचं हं. मनापासून म्हणा."

"चव ती नाही," काका म्हणाले. "तिच्या हातची भाजणी मला जमत नाही. रोज भाजून बघतो."

दिवा हिरवा झाला.

"हे लावू?" रेवतीनं दबकत विचारलं. "गिऱ्हाईक येणार नाही हं."

"लावा. कुमुद असताना खोटं बोलून विकली असती, तर तिनं मला दुकानाची पायरी चढू दिली नसती."